आपल्या नाशकातल्या माणसाचं नाव शांतता-न्यायाच्या पुरस्काराला कसं पाठवायचं

दरवर्षी २५ जानेवारीला संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली की नाशिकच्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच सुरू होतं, आपल्या ताईंना कधी देणार, सुरगाण्याकडे त्या माणसाने एवढी वर्षं घातली त्याला कोण विचारतंय, सगळं सेटिंग असतं वगैरे. सेटिंग असेल नसेल तो वेगळा विषय, पण ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकून बघा, यांचं नाव पाठवलं होतं का कोणी? सगळे गप्प. नाव आपोआप जात नाही हो, कोणीतरी बसून फॉर्म भरावा लागतो, कागद गोळा करावे लागतात, आणि ते काम करणारा माणूस आमदार-खासदारच असला पाहिजे असं काही नाही. शाळेतले सर चालतात, बँकेतून रिटायर झालेले काका चालतात, कॉलेजची पोरगी चालते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, ज्यांना खरंच कोणाचं तरी नाव पाठवायचंय त्यांच्यासाठी.

पहिलं काम पुरस्कार निवडायचं, आणि त्यात नोबेलचं आधी निपटवून टाकू कारण ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. शांततेच्या नोबेलला कोणीही उठून नाव पाठवू शकत नाही. खासदार, मंत्री, विद्यापीठात इतिहास, समाजशास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान असले विषय शिकवणारे प्राध्यापक, आधीचे विजेते अशी ठरलेली यादी आहे, त्यांनीच ३१ जानेवारीच्या आत नाव पाठवायचं, आणि नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच जणांची समिती ठरवते. २०२५ साठी ३३८ नावं गेली होती, २४४ माणसं आणि ९४ संस्था. कोणाकोणाची नावं होती ते समिती ५० वर्षं सांगत नाही. त्यामुळे चौकात कोणाच्या फ्लेक्सवर 'नोबेल नामांकित' दिसलं तर एवढंच समजायचं की कुठल्यातरी पात्र माणसाने फॉर्म भरला असेल, किंवा तेवढंही झालं नसेल. गांधीजींचं नाव पाच वेळा गेलं होतं, १९३७, ३८, ३९, ४७ आणि ४८ ला, आणि मिळालं नाहीच. १९४८ ला तर योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून कोणालाच दिलं नाही. तुमच्या ओळखीत कायद्याचे किंवा इतिहासाचे प्राध्यापक असतील आणि माणूस खरंच त्या तोडीचा असेल तर जरूर बोला त्यांच्याशी, नाहीतर पुढे चला.

आपल्यासाठी खरा उघडा दरवाजा म्हणजे पद्म. कोणताही नागरिक नाव पाठवू शकतो, स्वतःचं स्वतः पाठवलं तरी चालतं (ते कसं दिसतं हा भाग सोडा), आणि सगळं ऑनलाईन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. एक पैसा लागत नाही. तिथे शांतता नावाचं वेगळं क्षेत्र नाहीये, तेव्हा आपल्या लोकांसाठी बहुतेक वेळा सोशल वर्क हेच क्षेत्र येतं. सरकारी नोकरीत असलेले चालत नाहीत, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. मुदतीचं मात्र नीट बघा, २०२५ च्या पद्मसाठी १ मे ते १५ सप्टेंबर अशी होती आणि पुढच्याच वर्षी ती १५ मार्चला सुरू झाली आणि जुलैअखेर ठेवली, त्यामुळे गणपतीनंतर बघू म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. मार्च लागला की पोर्टल उघडून बघायची सवय लावा.

मग बाकीचे. गांधी शांतता पुरस्कार केंद्र सरकारचा, १९९५ पासून, एक कोटी रुपये, पण त्यात साधारण गेल्या दहा वर्षांतलं काम बघतात, म्हणजे नव्वदच्या दशकात मोठं आंदोलन केलं आणि आता घरी आहेत अशांसाठी तो अवघड. जमनालाल बजाज पुरस्कार १९७८ पासून आहेत, रचनात्मक काम, महिला-बालकांसाठीचं काम अशा त्यांच्या कॅटेगरी, खेड्यात शांतपणे काम करणाऱ्या माणसासाठी मला हा सगळ्यात जवळचा वाटतो. परदेशातला राईट लाईव्हलीहूड, १९८० पासून स्टॉकहोमहून देतात, लोक त्याला पर्यायी नोबेल म्हणतात, त्याला कोणीही नाव पाठवू शकतं फक्त स्वतःचं नाही. १९९१ ला तो मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळाला होता, म्हणजे नंदुरबारच्या डोंगरातलं काम तिथपर्यंत पोचलं होतं. मॅगसेसे मनिलाहून देतात, आशियातल्या लोकांना. आणि आपल्याला कोण विचारतंय असं वाटत असेल तर ऐका, आपल्या नाशिक विभागातच जामखेडच्या आरोळे दांपत्याला १९७९ ला आणि जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रांना २०११ ला मॅगसेसे मिळालेला आहे. जामखेड, बहादरपूर, यात मोठं शहर एकही नाही.

राज्याचे पुरस्कार लोक विसरूनच जातात. सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण आहे, अण्णाभाऊ साठे पुरस्कार आहे, संस्थांसाठी शाहू फुले आंबेडकर पारितोषिक आहे, आणि पद्मश्री कर्मवीर दादासाहेब गायकवाड पुरस्कार आहे, जो आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या माणसाच्या नावाने आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांच्या मागे नाशकातली सगळी जुळवाजुळव करणारे ते दादासाहेब. या पुरस्कारांची जाहिरात निघते, अर्ज जिल्ह्यातून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसात जातात, नाशिकला ते पुणे रोडवर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. वयाची अट असते, कामाच्या वर्षांची अट असते, चारित्र्याचा दाखला मागतात, ते सगळं त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचायचं, कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही. महिलांसाठी महिला व बालविकास विभागाचा अहिल्यादेवी होळकर पुरस्कारही आहे.

आता यातला एकच निवडा. फार तर दोन. एकच फाईल सात ठिकाणी पाठवणारे मी पाहिलेत, प्रत्येक ठिकाणी ती थोडी थोडी चुकीची बसते.

दुसरं काम, आणि हे लोक हमखास टाळतात: त्या माणसाला विचारा. सरप्राईज देऊ म्हणून परस्पर नाव पाठवू नका. मॅगसेसे-नोबेलसारख्या ठिकाणी नामांकन गुप्त ठेवायची रीत आहे हे मान्य, पण आपल्याकडे तालुक्याच्या गावात न्यायाचं काम करणारा माणूस कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात खुपत असतो. जमिनीच्या केसमध्ये समोर गावातलाच मोठा माणूस असतो. जातपंचायतीच्या विरोधात उभं राहिलेल्या बाईंचा फोटो पेपरात आला की त्यांना टाळ्या मिळतात आणि ज्यांच्या घरी त्या रात्री-बेरात्री जातात त्या घरांची अडचण होते. तेव्हा त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि सरळ विचारा, ताई तुमचं नाव पाठवावं असं आम्हाला वाटतंय, तुम्हाला चालेल का, आणि यातलं काय बाहेर आलेलं चालणार नाही. नाही म्हणाल्या तर विषय संपला, आग्रह करू नका. बरेचजण आधी "अहो मी काय केलंय" म्हणतात, तो नकार नसतो, तो आपल्याकडचा शिष्टाचार आहे, एक आठवडा जाऊ द्या आणि परत विचारा. पण खरा नकार ओळखता आला पाहिजे, त्यात माणूस विषयच बदलतो.

आणि ज्यांना मदत झाली त्यांचीही परवानगी लागते. लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या बाईचं किंवा मुलीचं नाव, गाव, शाळा, काहीच फाईलमध्ये येता कामा नये, तो कायद्याने गुन्हाच आहे, मग पेपरात आधी काही छापून आलेलं असो. बहिष्कृत झालेल्या कुटुंबाचंही तसंच समजा, कायदा नाही म्हणत पण आपली अक्कल म्हणते. 'तालुक्यातलं एक कुटुंब' लिहिलं तरी वाचणाऱ्याला पुरतं.

आता कागद. इथे सगळी मेहनत आहे, बाकी फॉर्म भरायला एक दुपार पुरते.

न्यायाच्या कामाचे कागद निघतात, फक्त ते विखुरलेले असतात. वनहक्काचं काम असेल, म्हणजे जंगलातली कसत असलेली जमीन लोकांना कायद्याने मिळवून द्यायचं, तर ग्रामसभेचे ठराव, दाव्यांच्या पोचपावत्या, उपविभागीय समितीचे आणि जिल्हा समितीचे आदेश, मिळालेले पट्टे म्हणजे त्या जमिनीच्या हक्काची पत्रं. कोर्टाचं काम असेल तर निकालाच्या प्रती. सामाजिक बहिष्काराचं काम असेल तर त्याचा आपल्या राज्यात वेगळा कायदाच आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू झालेला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्याखाली किती ठिकाणी तक्रार झाली, किती ठिकाणी तक्रारीआधीच पंचांनी माघार घेतली हे लिहून काढता येतं. हे सगळं त्या माणसाच्या घरी एखाद्या कापडी पिशवीत किंवा पत्र्याच्या पेटीत असतं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि लाईटबिलाच्या मधोमध. ती पेटी घरी घेऊन यायची नाही. तिथेच बसा, मोबाईलच्या स्कॅनरने पानं काढा आणि पेटी जशी होती तशी ठेवा. कागद बाहेर नेला की तो हरवतो, आणि पट्ट्याचा मूळ कागद हरवला तर पुरस्कार गेला खड्ड्यात, त्या कुटुंबाचं काय करणार?

जे कागद त्यांच्याकडे नाहीत ते माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, प्रांत कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. प्रश्न मोघम विचारू नका, 'अमुक गावातील किती वनहक्क दावे अमुक वर्षापासून मंजूर व नामंजूर झाले, गावनिहाय यादी द्यावी' असा विचारा. जुन्या बातम्यांसाठी गावकरी, देशदूत, लोकमत, सकाळ यांचे जुने अंक शोधावे लागतात, सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करा, १८४० पासूनची संस्था आहे ती, तिथले लोक मदत करतात. कात्रण स्कॅन करताना पेपरचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. नुसता कापलेला चौकोन पाठवलात तर तो कुठूनही आलेला असू शकतो.

शांततेच्या कामाचं मात्र अवघड आहे, आणि मला यावरच जरा जास्त लिहायचंय कारण इथेच चांगल्या चांगल्या माणसांच्या फायली हलक्या पडतात. दंगल झाली तर बातमी होते, पंचनामा होतो, आकडे येतात. दंगल झाली नाही तर काय होतं? काहीच होत नाही. आणि जे झालं नाही ते सिद्ध कसं करायचं? समजा मालेगावात एक चाचा आहेत, अफवा उठली की रात्री अकराला मोटारसायकल काढून मोहल्ल्यात फिरतात, पोरांना घरी पाठवतात, पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला फोन लावतात, भाऊ तुमच्याकडून कोणी येऊ नका मी इकडचं बघतो. सकाळी दुकानं उघडतात आणि कोणाला पत्ताही नसतो. या माणसाच्या फाईलमध्ये तुम्ही लावणार काय?

पहिलं म्हणजे पोलीस ठाण्याच्या शांतता समितीच्या बैठका. सणांच्या आधी त्या होतातच, हजेरी असते, इतिवृत्त असतं, बोलावल्याची पत्रं असतात, त्यात त्यांचं नाव किती वर्षं सलग आहे ते बघा. ठाण्याच्या साहेबांची बदली झालेली असली तरी त्या वेळच्या अधिकाऱ्याकडून एक पत्र मिळवता येतं, रिटायर झालेले असतील तर जास्त मोकळेपणाने लिहून देतात. दुसरं, खेड्यातलं काम असेल तर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचं दप्तर. १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या झाल्या, तंट्यांच्या नोंदवह्या ठेवल्या, तडजोडी लिहून घेतल्या. बऱ्याच गावांत ती समिती आता नावापुरती उरलीय पण जुनी वही ग्रामपंचायतीच्या कपाटात पडलेली असते, ग्रामसेवकाला गोड बोलून ती काढायला लावा. बांधाचा वाद, वाटणीचा वाद, सून आणि सासरचा वाद, कोणी मिटवला ते त्यात असतं.

तिसरं आणि सगळ्यात वजनदार, दोन्ही बाजूंची साक्ष. एकाच समाजाच्या वीस लोकांनी कौतुकाची पत्रं दिली तर त्याला शांततेच्या कामात किंमत कमी, पण जे एकमेकांसमोर उभे होते त्यातला इकडचा एक आणि तिकडचा एक अशी दोनच पत्रं मिळाली तर फाईल उभी राहते. उदाहरण सांगतो, २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, २८ सप्टेंबरला, आणि राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, सरकारने सुट्टीसुद्धा २९ ला नेली. असं कुठलंही ठरणं हवेत होत नाही, प्रत्येक गावात कोणीतरी बसून बोलणी केलेली असतात. तुमच्या माणसाने अशा वेळी काय केलं ते मंडळाच्या अध्यक्षाने पण सांगितलं पाहिजे आणि मशिदीच्या ट्रस्टींनी पण.

ही साक्ष घ्यायची कशी ते नीट सांगतो. "दादा, चाचांबद्दल दोन शब्द लिहून द्या" म्हणालात की शंभर टक्के 'त्यांचे कार्य अतुलनीय असून' असलं काहीतरी येणार, ते लेटरहेडवर छापलेलं असणार आणि त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी एकच प्रसंग विचारा. त्या रात्री काय झालं, तुम्हाला फोन किती वाजता आला, ते काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिलंत, तुम्हाला राग आला होता का, मग का थांबलात. तो जसा बोलेल तसं लिहून घ्या, शुद्धलेखन करत बसू नका, मग त्याला वाचून दाखवा, चुकलं असेल ते बदला, खाली सही किंवा अंगठा, तारीख, आणि चालत असेल तर फोन नंबर. एक पान खूप झालं. 'मला राग आलाच होता पण चाचा आमच्या दारात येऊन बसले आणि उठेचनात' असं एक वाक्य मिळालं तर पाच आमदारांच्या शिफारशी बाजूला ठेवा.

मेसेजही पुरावाच आहे. अफवेचा फॉरवर्ड आणि त्यावर त्यांनी टाकलेला खुलासा, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. फक्त मूळ अफवा जशीच्या तशी फाईलमध्ये मोठ्या अक्षरात लावू नका, तेवढं भान ठेवा.

आता लिहिणं. पद्मच्या फॉर्ममध्ये जास्तीत जास्त ८०० शब्दांचं निवेदन असतं आणि सगळा खेळ त्यात आहे. आपल्याकडे सत्काराच्या मानपत्राची इतकी सवय झालीय की लिहायला बसलं की हात आपोआप तिकडेच वळतो, 'त्यागमूर्ती, गोरगरिबांच्या कैवारी, तळमळीच्या कार्यकर्त्या ताईंनी आपले संपूर्ण आयुष्य समाजासाठी वेचले'. हे वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही ताईंना लागू होतं, म्हणजे ते कोणाबद्दलच नाही. आता हे बघा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला): 'पेठ तालुक्यातल्या अकरा पाड्यांवर २०११ पासून वनहक्काचे दावे भरून दिले. नामंजूर झालेले ६३ दावे जिल्हा समितीपुढे अपिलात नेले, त्यातले ४१ मंजूर झाले. पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, एका सुनावणीसाठी माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ताई सुनावणीच्या तारखा एकत्र मागून घेत आणि एका जीपमध्ये सगळ्यांना नेत.' यात एकही विशेषण नाही, तरी बाई डोळ्यासमोर उभ्या राहतात. ती जीप महत्त्वाची आहे. दिल्लीत बसून हजारो अर्ज वाचणाऱ्याला पेठ कुठे आहे माहीत नाही, वनहक्क म्हणजे काय ते कदाचित माहीत असेल, पण एका सुनावणीला एक मजुरी जाते हे कोणालाही समजतं.

क्रम साधा ठेवा. आधी प्रश्न काय होता, मग यांनी काय केलं, मग काय बदललं, मग ते बदललेलं यांच्याशिवाय पण टिकलंय का. शेवटचा भाग लोक लिहितच नाहीत. त्यांनी तयार केलेली पोरं आता स्वतः दावे भरतात, बायकांचा गट आता स्वतः पोलीस ठाण्यात जातो, हे असेल तर ठळक लिहा, कारण एका माणसावर उभं राहिलेलं काम आणि गावात मुरलेलं काम यात वाचणारे फरक करतात आणि केलाही पाहिजे. जन्म, शिक्षण, आईवडील शेतकरी होते वगैरे दोन ओळीत उरकून टाका.

मोठ्या आंदोलनाचं श्रेय एका माणसाच्या नावावर लावू नका. मार्च २०१८ ला नाशकातून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला तेव्हा हजारो लोक चालले, आता त्यावर प्रत्येक तालुक्यातला एकेकजण 'यांच्या नेतृत्वाखाली' लिहायला लागला तर कसं व्हायचं. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा, आपल्या पाड्यावरून किती लोक नेले, वाटेत जेवणाचं बघितलं की औषधांचं, परत आल्यावर दाव्यांचा पाठपुरावा केला की नाही. छोटं पण खरं असलेलं जास्त टिकतं, कारण नंतर चौकशी होते. पद्मसाठी पोलिसांकडून आणि इतर यंत्रणांकडून माहिती काढतात, एखादी जुनी केस असेल तर ती लपवू नका. आंदोलनातल्या माणसावर जमावबंदीची, रास्ता रोकोची केस असणारच, ती कशामुळे लागली आणि तिचं पुढे काय झालं ते एका ओळीत आपणच सांगितलेलं बरं.

मराठीत आधी लिहा. पूर्ण लिहा, चार जणांना वाचायला द्या, त्यातला एकजण त्या तालुक्यातला हवा आणि एकजण या कामाबद्दल काहीच माहीत नसलेला, तुमचा पुण्याचा मेव्हणा वगैरे. त्याला कळलं नाही ते परत लिहा. मगच हिंदी-इंग्रजीचं बघा. मोबाईलमधलं भाषांतर वापरत असाल तर ग्रामसभा, पाडा, गावठाण, पट्टा हे शब्द तपासून घ्या, मशीन तिथे हमखास गोंधळ घालतं, पट्ट्याचा कमरेचा पट्टा झालेला असतो.

मग एका मोठ्या धोक्याबद्दल. पुरस्काराचं नाव निघालं की फोन यायला लागतात. अभिनंदन, आपली 'राष्ट्रीय शांतिदूत' किंवा असल्याच काहीतरी नावाच्या पुरस्कारासाठी निवड झालीय, दिल्लीला किंवा गोव्याला हॉटेलात कार्यक्रम आहे, सिनेमातले पाहुणे येणारेत, फक्त नोंदणीचे अमुक हजार भरा, सोबत मानद डॉक्टरेट घेतली तर डिस्काउंट. हसू नका, यात चांगले चांगले रिटायर्ड हेडमास्तर अडकलेत, शाल आणि ट्रॉफीचा फोटो पेपरात देतात आणि गावात डॉक्टर म्हणून फिरतात. नियम एकच, जो पैसे मागतो तो पुरस्कार नाही, मग ते प्रोसेसिंग म्हणो, देणगी म्हणो की स्मरणिकेतली जाहिरात म्हणो. आणि असला एखादा विकतचा सन्मान तुमच्या माणसाने आधी घेतलेला असेल तर तो खऱ्या फॉर्ममधल्या 'मिळालेले पुरस्कार' या रकान्यात टाकू नका, बघणाऱ्याला लगेच वास येतो.

खरा पुरस्कार मिळालाच तर तो नावाच्या आधी लावायचा नाही हेही सांगून ठेवतो. पद्म हा किताब नाही, राज्यघटनेच्या कलम १८ मध्ये किताबांना बंदी आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९९५ ला स्पष्ट केलंय की पद्म नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून रस्त्याच्या पाटीपर्यंत सगळीकडे लावतात आणि शासनाच्या पुरस्काराच्या नावातही आहे, मी वरती लिहिलंच की, पण ज्यांना मिळालाय त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर तरी टाळावं. पद्मसोबत पैसे नसतात, रेल्वेची सवलत नसते, हेही घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर भाऊबंद वाटणीला येतात.

फॉर्म भरून झाला की नोंदणी क्रमांक आणि भरलेल्या फॉर्मची पीडीएफ जपून ठेवा. नंतर फोन करून वशिला लावायच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो आणि उगाच नाव खराब होतं. आणि पेपरात 'पद्मसाठी शिफारस' अशी बातमी देऊ नका, ज्याचं नाव गेलंय त्याला पुढच्या प्रत्येक लग्नात लोक विचारत बसतात काय झालं काय झालं. यादीत नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी नव्याने भरा, मधल्या वर्षातलं नवीन काम जोडून. जुनंच जसंच्या तसं परत चिकटवू नका.

आणि जमवलेली फाईल, ती कुठे ठेवायची ते आधी ठरवा. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं जपून ठेवली गेली म्हणून त्या काळच्या नाशकातल्या लढ्यातलं कितीतरी आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतं. तेव्हा तीन सेट काढा. एक त्या माणसाच्या घरी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, पावसाळ्यात पत्र्याचं घर गळतं हे लक्षात ठेवून. एक तुमच्याकडे. तिसरा जवळच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात, पण साक्षी देणाऱ्यांचे फोन नंबर आणि ज्यांची नावं द्यायची नाहीत ती पानं काढून. स्कॅनच्या फायलींना गाव, वर्ष आणि कागदाचा प्रकार अशी नावं द्या, 'न्यू फायनल टू' असली नाही, कारण पुढच्या मार्चला ती तुम्हालाच उघडायचीय.